कंपनीचा नफा, भागधारक आणि गाव: सीएसआरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला प्रश्न पाठवणारी माणसं साधारण दोन प्रकारची असतात. काहींच्या डिमॅट खात्यात दहा-वीस शेअर पडून असतात आणि कंपनीचा वार्षिक अहवाल ई-मेलमध्ये न उघडता राहिलेला असतो. बाकीच्यांच्या गावच्या शिवेला कारखाना लागून असतो आणि त्यांना "कंपनीकडून आपल्याला काही मिळतं का" हे हवं असतं. दोघं एकाच नफ्याबद्दल विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत. तुमचा प्रश्न सापडला की तेवढंच उत्तर वाचलं तरी चालेल.

१. सीएसआर म्हणजे कंपनीने दिलेली देणगीच ना?

नाही. देणगी मर्जीची असते, सीएसआर (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) हे कायद्याने लावलेलं बंधन आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये ते लिहिलेलं आहे आणि १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ठराविक आकाराच्या कंपनीने नफ्यातला ठराविक भाग (दोन टक्के) समाजाच्या कामावर खर्च करायचा, कशावर केला ते सांगायचं आणि नाही केला तर दंड भरायचा, अशी ती रचना.

कायद्याच्या आधी हे होत नव्हतं असं मात्र नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कारखाना आणला तेव्हा तो माळ ओसाड होता. तिथे यंत्रांबरोबरच कामगारांची वस्ती उभी राहिली आणि तिचं किर्लोस्करवाडी झालं. ते मालकाच्या दृष्टीवर अवलंबून होतं. आता ते दृष्टीवर सोडलेलं नाही, एवढाच फरक, पण तो मोठा आहे.

२. आमच्या एमआयडीसीत शंभर कंपन्या आहेत. सगळ्यांना सीएसआर लागू आहे का?

नाही. मागच्या आर्थिक वर्षात पुढच्या तीनपैकी एक जरी गोष्ट बसली तरच लागू होतो: नक्त मूल्य म्हणजे नेट वर्थ ५०० कोटी किंवा जास्त, उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त. एमआयडीसीतली बरीचशी छोटी युनिट्स यात येत नाहीत. भागीदारी फर्म आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) तर मुळातच येत नाहीत, त्यांची उलाढाल कितीही असो. अर्ज घेऊन दारोदार फिरण्याआधी हे तपासून घ्या, चपला झिजायच्या वाचतील. सहकारी कारखान्याचं आणि बँकांचं वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

३. दोन टक्के कशाचे? उलाढालीचे की नफ्याचे?

नफ्याचे, तेही आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीचे. समजा एका कंपनीला तीन वर्षांत १०, १२ आणि १४ कोटी नफा झाला. सरासरी १२ कोटी, त्याचे दोन टक्के २४ लाख. गावात मात्र "हजार कोटींची कंपनी, म्हणजे वीस कोटी येणार" असा हिशेब पारावर मांडला जातो आणि मग सरपंचावर संशय येतो की पैसा गेला कुठे.

हा नफा कंपनी कायद्याच्या कलम १९८ च्या पद्धतीने, प्राप्तिकर वजा करण्याआधीचा धरतात. परदेशी शाखांचा नफा त्यात मोजत नाहीत. त्यामुळे वर्तमानपत्रात छापून आलेल्या नफ्याशी आकडा जुळला नाही तर लगेच लबाडी समजू नका. खर्च केलेली सीएसआर रक्कम धंद्याचा खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, ही तरतूद २०१४ च्या वित्त कायद्याने केली आहे.

४. मी शेअर घेतले ते चार पैसे मिळावेत म्हणून. माझ्या डिव्हिडंडला कात्री लावून समाजसेवा करण्याचा कंपनीला अधिकार कोणी दिला?

हा प्रश्न रागाने येतो, पण रास्त आहे. जगभर त्यावर शंभर वर्षं वाद चालू आहे.

अमेरिकेत हेन्री फोर्डने १९१६ साली जादा डिव्हिडंड थांबवला. गाड्या स्वस्त करायच्या, कारखाना वाढवायचा, जास्त लोकांना काम द्यायचं, असं त्याचं म्हणणं होतं. डॉज बंधूंकडे दहा टक्के भाग होता, ते कोर्टात गेले. १९१९ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी चालते, डिव्हिडंड द्या. कारखाना वाढवण्याच्या बेताला मात्र कोर्टाने हात लावला नाही, ही अर्धी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुढे १९७० साली मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत हाच मुद्दा धारदार केला: नियम पाळून नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी.

आपल्याकडे वाट वेगळी आहे. कामगारांना कंपनी गुंडाळण्याच्या खटल्यात बाजू मांडता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. कंपनी ही फक्त भागधारकांची मालमत्ता आहे ही जुनी समजूत न्यायालयाने बाजूला सारली आणि कामगारांना म्हणणं मांडण्याचा हक्क दिला. आता तर कंपनी कायद्याचं कलम १६६ संचालकांना स्पष्ट सांगतं की कंपनी, कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण या सगळ्यांचं हित पाहायचं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: अधिकार संसदेने दिला, आणि तुम्ही शेअर घेतला तो हा कायदा धरूनच घेतला.

माझं मत विचाराल तर शंभर रुपयांतले दोन रुपये हा भांडणाचा विषयच नव्हे. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे कमावले, हे भागधारकाने विचारायला हवं. कामगाराचा पीएफ बुडवून, सांडपाणी ओढ्यात सोडून आलेला नफा आज डिव्हिडंड देतो आणि उद्या दंड, बंदीचा आदेश आणि कोसळलेला भाव देतो. तिथे भागधारकाचं हित आणि गावाचं हित एकच असतं.

५. एक कंपनी शाळेला बाकं देते आणि तिचंच पाणी नदीत जातं. तरी ती "जबाबदार कंपनी" कशी?

नाही होत. सीएसआरच्या नियमांतच आहे की कुठल्याही कायद्याने आधीच लादलेलं काम सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणं, धुराड्यावरचं यंत्र नीट ठेवणं, किमान वेतन देणं हे सगळं मूळ कर्तव्य आहे. ते दोन टक्क्यांत बसत नाही आणि दोन टक्क्यांनी माफही होत नाही.

भोपाळ आठवा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि भरपाई वाढवून मिळावी हा अर्ज २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. वस्तीला लागून असलेल्या कारखान्यात सुरक्षेची यंत्रणा बंद पडलेली असताना कंपनीने आजूबाजूला किती शाळा रंगवल्या असत्या तरी काय उपयोग होता? प्रदूषणाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. सीएसआर विभागाकडे नेलीत तर ती बाकांच्या फोटोंखाली दबते.

६. कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली, तर ती सीएसआर का?

फक्त कामगारांच्या मुलांसाठी असेल तर नाही. सगळ्या गावाला खुली असेल आणि त्यात कामगारांची मुलंही शिकत असतील तर चालतं. कॉलनीच्या कंपाउंडच्या आत, गेटवर पास विचारून सोडणारी शाळा पहिल्या प्रकारात जाते, पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी.

७. कारखाना आमच्या गावात आहे. मग सीएसआरचा पैसा आमच्या गावालाच देणं बंधनकारक आहे ना?

इथे लोकांची सर्वात जास्त निराशा होते, म्हणून स्पष्ट सांगतो. कायदा म्हणतो की कंपनीने जिथे काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने खुलासा केला आहे की हे मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही. म्हणजे गावाला हक्काने रक्कम मागता येत नाही. पण प्रत्येक प्रकल्पापुढे "स्थानिक परिसर: होय किंवा नाही" हे कंपनीला सरकारकडे भरायच्या सीएसआर-२ या फॉर्ममध्ये लिहावं लागतं. सलग दोन-तीन वर्षं "नाही" दिसलं तर ते पान घेऊन कंपनीला कारण विचारा. आमदार, तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कंपनीला अमुक काम करा असा हुकूम देऊ शकत नाहीत. निर्णय संचालक मंडळाचा असतो.

८. अर्ज कोणाला आणि कसा करायचा?

गेटवरच्या एचआर साहेबांच्या हातात नारळ आणि निवेदन देऊन फोटो काढला म्हणजे अर्ज झाला असं नाही. अर्ज कंपनीच्या सीएसआर प्रमुखांच्या आणि कंपनी सेक्रेटरीच्या नावे ई-मेलने पाठवा, पोच मागा. कंपनीचं सीएसआर धोरण आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प तिच्या वेबसाइटवर ठेवणं बंधनकारक आहे. आधी ते वाचा. ती पाण्यावर काम करत असेल तर तिच्याकडे व्यायामशाळा मागू नका.

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या दहा अर्जांतले आठ एका पानाचे असतात: "आमच्या गावास विकासकामांसाठी भरीव निधी मिळावा ही नम्र विनंती." त्यावर कोणीच काही करू शकत नाही. मागच्या वर्षी एक अर्ज वेगळा आला. त्यात लिहिलं होतं की अंगणवाडीत ४१ मुलं, शौचालय एक, दार तुटलेलं, पाणी बाहेरच्या हातपंपावरून, मदतनीस ताई रोज बारा बादल्या वाहतात. सोबत ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा, दोन ठिकाणची कोटेशन्स आणि पुढची देखभाल ग्रामपंचायत पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून करेल असं लेखी पत्र. ते काम मंजूर झालं. बारा बादल्यांच्या त्या वाक्याने झालं, असं मला आजही वाटतं.

वेळही सांभाळा. बहुतेक कंपन्या वर्षाचा आराखडा एप्रिल ते जूनमध्ये ठरवतात. फेब्रुवारीत गेलेला अर्ज उरल्यासुरल्या पैशांच्या घाईत अडकतो.

९. आमची संस्था आहे. सीएसआरचा निधी घ्यायला काय लागतं? आणि एक गृहस्थ "वीस टक्के द्या, मिळवून देतो" म्हणतात, त्यांचं काय करायचं?

संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हवी. प्राप्तिकर खात्याची १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी हवी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घेणंही सक्तीचं आहे. त्या क्रमांकाशिवाय कंपनी तुम्हाला काम देऊ शकत नाही.

त्या गृहस्थांना दारातूनच परत पाठवा. कंपनीला स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चासाठीसुद्धा एकूण खर्चाच्या पाचच टक्क्यांची मुभा आहे, मग मधल्या माणसाचे वीस टक्के कुठून येणार? ते मुलांच्या पाण्याच्या टाकीतून येतात. शिवाय निधी वापरल्याचा दाखला कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याने द्यायचा असतो, आणि हिशेब फुटला की संस्थेचं नाव कायमचं जातं. दलाल मोकळा राहतो.

१०. वर्षभरात पैसे खर्चच झाले नाहीत तर ते परत नफ्यात जातात का?

जात नाहीत. सुरुवातीच्या काळात "खर्च केला नाही" एवढं कारण अहवालात लिहून सुटका होत असे. २२ जानेवारी २०२१ पासून ती पळवाट बंद झाली. रक्कम अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची असेल तर वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि तीन वर्षांत त्याच कामावर खर्च करायची. तसा प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या, कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या (सीएसआरमध्ये धरायच्या गोष्टींच्या यादीतल्या) निधीत भरायची. तेही केलं नाही तर कंपनीला थकलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी यांतली कमी असेल ती रक्कम दंड, आणि जबाबदार अधिकाऱ्याला रकमेचा दहावा भाग किंवा २ लाख यांतलं कमी. एखाद्या वर्षी जास्त खर्च झाला तर तो पुढच्या तीन वर्षांत वळता करून घेता येतो.

११. आमचा साखर कारखाना रोज हजारो टन ऊस गाळतो. तो सीएसआर का देत नाही?

सहकारी असेल तर त्याला कलम १३५ लागूच नाही. तो कंपनी नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालची संस्था आहे. सहकारी दूध संघाचंही तेच. तिथे मालक तुम्ही सभासद. हिशेब मागायची जागा म्हणजे सप्टेंबरातली तुमची वार्षिक सभा, जिथे "मंजूर, मंजूर" म्हणून सगळे जेवायला उठतात. खाजगी साखर कारखाना मात्र कंपनी असतो. प्रश्न २ मधली मर्यादा ओलांडली तर त्याला लागू.

स्टेट बँक आणि एलआयसी स्वतंत्र कायद्यांनी स्थापन झाल्या आहेत, त्यामुळे हे कलम त्यांना थेट लागू होत नाही. त्या करतात ते त्यांच्या स्वतःच्या नियमांनुसार. खाजगी बँका कंपन्या आहेत, त्यांना लागू.

१२. आमच्याकडे कोळशाची खाण आहे. खनिज प्रतिष्ठानचा निधी म्हणजेच सीएसआर का?

दोन्ही वेगळे. जिल्हा खनिज प्रतिष्ठान खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आलं. खाणवाला सरकारला जी रॉयल्टी भरतो तिच्या प्रमाणात वेगळी रक्कम तिथे भरतो: जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के, लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांवर १० टक्के. हा पैसा जिल्हा प्रशासनाच्या हाती असतो आणि खाणबाधित गावांचाच असतो, त्यामुळे तो हक्काने मागता येतो. चंद्रपूर-यवतमाळकडून येणाऱ्या पत्रांत लोक कंपनीच्या गेटवर बसलेले असतात आणि अर्ज मात्र जिल्हाधिकारी कार्यालयात हवा असतो. खाण कंपनीचा सीएसआर याशिवाय वेगळा, एकातून दुसरा वजा होत नाही.

१३. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेले पैसे, गणेश मंडळाची वर्गणी, मॅरेथॉनचे टी-शर्ट, हे सीएसआरमध्ये येतं का?

तिन्ही येत नाहीत. मुख्यमंत्री निधी अनुसूची ७ मध्ये नाही. २०२० साली कोरोनाच्या काळात केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ते स्पष्ट केलं, मात्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेली रक्कम धरली. वर्गणी, एक दिवसाचे कार्यक्रम आणि जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व चालत नाही. राजकीय पक्षाला दिलेला पैसा तर कोणत्याही रूपात नाही.

१४. माझ्याकडे पाचच शेअर आहेत. मला एजीएममध्ये कोण विचारणार?

एकच शेअर असलेलाही मालक आहे आणि त्याला वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलता येतं. सूचना किमान २१ दिवस आधी येते. सभा व्हिडिओवर असेल तर "वक्ता" म्हणून नाव नोंदवायची तारीख त्या सूचनेत असते, ती चुकवू नका. प्रश्न आधी कंपनी सेक्रेटरीला ई-मेलनेही पाठवा. तुमच्याऐवजी प्रॉक्सी पाठवलात तर त्याला बोलता येत नाही, हे लक्षात असू द्या.

मी पहिल्यांदा बोललो तेव्हा वेळ तीन मिनिटं होती. माझ्या आधीच्या सहा जणांनी अध्यक्षांचं अभिनंदन केलं आणि बोनस शेअर मागितले. माझ्या कागदावर एकच प्रश्न होता: आपल्या कारखान्यात गेल्या वर्षी कंत्राटी कामगारांचे किती अपघात झाले, आणि अहवालात फक्त कायम कामगारांचेच आकडे का? घसा कोरडा पडला होता. अध्यक्षांनी बाजूच्या माणसाकडे पाहिलं, दोघं कागद चाळू लागले, आणि "लेखी कळवू" म्हणाले. महिन्याने खरंच पत्र आलं. पुढच्या अहवालात कंत्राटी कामगारांचा रकाना होता. माझ्यामुळेच झालं असा दावा करत नाही, पण प्रश्न इतिवृत्तात गेला होता.

तुमचे पैसे म्युच्युअल फंडात असतील तर मतदान फंड हाऊस करतं. कुठल्या ठरावावर काय मत दिलं हे त्यांना जाहीर करावं लागतं, ते पाहा.

१५. अहवाल तीनशे पानांचा असतो. नेमकं काय वाचायचं?

दोन जागा. पहिली, सीएसआरचं परिशिष्ट: सरासरी नफा, दोन टक्के, खर्च, शिल्लक आणि उभारलेल्या मालमत्ता कोणाच्या ताब्यात आहेत. दुसरी, बीआरएसआर नावाचा अहवाल, म्हणजे धंद्याची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून तो सक्तीचा केला. त्यात पाणी किती उपसलं, किती कामगारांना किमान वेतनापेक्षा जास्त मिळतं, अपघात किती, तक्रारी किती, हे आकड्यांत असतं. प्रश्न ४ मध्ये मी ज्या अठ्ठ्याण्णव रुपयांबद्दल बोललो त्यांचा माग इथेच लागतो.

सूचीबद्ध नसलेल्या कंपनीची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून पाहता येतात. कोणत्या कंपनीने कुठल्या जिल्ह्यात किती खर्च केला हे राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर फुकट दिसतं. खाजगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, सरकारी कंपनीला आहे.

१६. कंपनीने बसवलेलं काम बंद पडलं किंवा कंपनीच तोट्यात गेली, तर जबाबदार कोण?

आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाण्याचं शुद्धीकरण यंत्र बसवलं होतं. फीत कापली, वर्तमानपत्रात फोटो आला. आठ महिन्यांनी मी गेलो तेव्हा यंत्रावर कापड टाकलेलं होतं, त्यावर खडूचे डबे ठेवलेले, आणि मुलं मागच्या नळाला ओंजळ लावून पीत होती. फिल्टर बदलायला साडेचार हजार रुपये लागत होते. कंपनी म्हणे हस्तांतर झालं, शाळा म्हणे कागद नाही, ग्रामपंचायत म्हणे आम्हाला कोणी विचारलंच नाही. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, हे मला जास्त लागलं.

कायद्यात याचं अर्धंच उत्तर आहे. ज्या कंपनीचं सरासरी सीएसआर बंधन १० कोटी किंवा जास्त आहे, तिने १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं काम संपून वर्ष झाल्यावर बाहेरच्या संस्थेकडून परिणामांचं मूल्यमापन करून घ्यायचं असतं. शाळेतलं यंत्र त्या मापात येत नाही. तोट्याचं म्हणाल तर, मागच्या वर्षी कंपनी प्रश्न २ मधल्या तिन्ही मर्यादांच्या खाली गेली तर नवं बंधन उरत नाही. पण चालू प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात टाकलेला पैसा त्या कामावरच खर्च करावा लागतो, हे लेखी विचारून घ्या.

बाकीचं आपल्याला सुरुवातीलाच करावं लागतं. फीत कापायच्या आधी तीन सह्यांचा हस्तांतराचा कागद करा: कंपनी, मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). त्यात देखभालीचा वर्षाचा खर्च किती, तो कोणत्या खात्यातून जाणार, सुटा भाग कुठे मिळतो आणि दुरुस्तीवाल्याचा फोन नंबर लिहा. त्या शाळेत आम्ही हा कागद उशिराने केला, व्यवस्थापन समितीने वर्गणी काढून फिल्टर बदलला, आणि आता तो कागद यंत्राच्या शेजारी भिंतीला चिकटवलेला आहे.